मुलं लहान, पालक एकच: मृत्युपत्रात काय लिहावं आणि काय लिहून उपयोग नाही

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमचं वय अडतीस, घटस्फोट होऊन तीन वर्षं झाली, मुलगी ९ वर्षांची आणि मुलगा ५ वर्षांचा. दोघांचा ताबा न्यायालयाने तुमच्याकडे दिला आहे. वडील कधीतरी भेटायला येतात, पोटगी कधी येते कधी येत नाही. तुमच्या नावावर कर्ज काढून घेतलेला फ्लॅट, प्रॉव्हिडंट फंड, एक टर्म पॉलिसी आणि थोड्या ठेवी आहेत. उद्या मला काही झालं तर मुलं माझ्या धाकट्या बहिणीकडे राहावीत, हे मृत्युपत्रात लिहिलं की झालं का? आणि सगळं मुलांनाच मिळणार असेल तर मृत्युपत्र हवं तरी कशाला?

मी गेली बावीस वर्षं मृत्युपत्रं, वारसाहक्क आणि पालकत्वाची कामं करते. उत्तर लांबणार आहे. तुम्ही हिंदू आहात असं धरून लिहिते. हिंदू कायद्यात बौद्ध, जैन, शीखही येतात. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी पालकांना यातल्या बऱ्याच गोष्टी वेगळ्या लागू होतात, तेव्हा त्यांनी हे उत्तर जसंच्या तसं वापरू नये.

आधी दुसरा प्रश्न घेते. मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे स्त्रीची मालमत्ता सर्वांत आधी मुलगे, मुली आणि नवरा यांना समान वाट्याने जाते. घटस्फोटाचा हुकूमनामा झालेला असल्यामुळे तुमचे पूर्वीचे पती यात येत नाहीत. (नुसत्या वेगळ्या राहणाऱ्या वाचकांनी इथे थांबून पुन्हा वाचावं. हुकूमनामा झाला नसेल तर नवरा कायद्याने नवराच आहे आणि मुलांच्या बरोबरीने वाटेकरी आहे.) म्हणजे सगळं तुमच्या दोन्ही मुलांना निम्मं निम्मं मिळेल, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे.

पण मिळेल ते कोणाच्या हातात? मुलं अज्ञान आहेत, म्हणजे अठरा वर्षांच्या आतली. अज्ञान मुलाच्या वतीने सही कोण करणार, तर त्याचा नैसर्गिक पालक. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम ६ प्रमाणे नैसर्गिक पालक म्हणजे वडील आणि त्यांच्यानंतर आई. हे पालकत्व मुलाच्या शरीराचंही आहे आणि मालमत्तेचंही. ताब्याचा हुकूम तुमच्या नावे आहे, पण तुमच्या पश्चात वडील हयात असतील तर बँकेच्या काउंटरवर 'मी या मुलांचा बाप' म्हणून उभं राहण्याचा पहिला अधिकार त्यांचाच. सातबाऱ्यावर अज्ञान खातेदाराच्या नावापुढे 'अ.पा.क.' लिहून पालनकर्त्याचं नाव येतं ते तुम्ही पाहिलं असेल. मृत्युपत्र नसेल तर तुमच्या मुलांच्या नावापुढची ती जागा बहुधा ज्याच्यापासून तुम्ही विभक्त झालात त्याच माणसाच्या नावाने भरेल.

आणखी एक गोष्ट सांगते, ती बोलायला कोणालाच आवडत नाही. समजा तुमच्यानंतर काही वर्षांनी मुलाचंही बरंवाईट झालं. अज्ञान व्यक्तीला मृत्युपत्र करता येत नाही, त्यामुळे त्याचा वाटा कायद्याच्या क्रमानेच जाणार. अविवाहित मुलाचा पहिल्या वर्गातला वारस म्हणजे आई, ती आधीच गेलेली. मग दुसरा वर्ग, आणि त्यात पहिलं नाव बापाचं. सख्खी बहीण त्याच्या नंतर. मुलीच्या बाबतीत कलम वेगळं, पण रस्ता फिरून वडिलांच्याच दाराशी पोहोचतो. तुमच्या हप्त्यांतून उभा राहिलेला फ्लॅट असा फिरत फिरत कुठे जाऊ शकतो, ते लक्षात आलं असेल.

म्हणून मी एकल पालकांना नेहमी सांगते, तुमच्या मृत्युपत्रात 'कोणाला' हा प्रश्न सोपा असतो. अवघड असतात ते 'तोवर कोणाच्या हातात' आणि 'कधीपर्यंत' हे दोन, आणि बाजारातल्या छापील नमुन्यांत नेमके तेच नसतात.

आता बहिणीचं. इथे तुम्हाला आवडणार नाही असं उत्तर द्यावं लागतंय. मृत्युपत्राने घर देता येतं, मूल देता येत नाही. वर सांगितलेल्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम ९ मृत्युपत्राने पालक नेमण्याबद्दल आहे. विधवा आई असा पालक नेमू शकते. वडील पालक म्हणून अपात्र ठरल्यामुळे जी आई नैसर्गिक पालक झाली, तीही नेमू शकते. अविवाहित मातेलाही हा अधिकार आहे. आई आधीच वारली असेल तर विधुर वडिलांनी केलेली नेमणूक चालते. पण घटस्फोटित आई आणि वडील हयात, या जोडीला या कलमात सरळ जागा नाही. घटस्फोट झाला म्हणून बाप पालक म्हणून अपात्र ठरत नाही. गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये 'वडिलांच्यानंतर आई' याचा अर्थ 'वडील मेल्यावरच' असा नाही, वडील प्रत्यक्षात मुलाची जबाबदारी घेत नसतील तेव्हाही आई नैसर्गिक पालक असते, असं स्पष्ट केलं. हा निकाल तुमच्या हयातीत तुमच्या उपयोगाचा आहे. तुमच्या मागे बहिणीला मात्र तो आपोआप पालक करत नाही.

मग लिहूच नये का? अवश्य लिहावं. तुमच्या पश्चात बहिणीला पालक व पाल्य कायदा, १८९० खाली न्यायालयात अर्ज करावा लागेल, आणि त्या कायद्याचं कलम १७ न्यायाधीशाला सांगतं की पालक नेमताना मुलाचं वय, पालकाचा स्वभाव आणि पात्रता, त्याचं मुलाशी नातं यांच्याबरोबर मृत आईबापाची इच्छाही विचारात घ्यावी. मूल समजत्या वयाचं असेल तर त्याचं म्हणणंही ऐकता येतं. तुमची मुलगी आज नऊ वर्षांची आहे, तिला विचारलं जाण्याची शक्यता बरीच. आणि अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम १३ म्हणतं की मुलाचं हित सर्वांत वर. म्हणजे मृत्युपत्रातलं तुमचं वाक्य हुकूम नसेल, पण ते तुमची साक्ष असेल. ती द्यायला तुम्ही तिथे नसणार, म्हणून ती नीट लिहून ठेवायची.

नीट म्हणजे कशी? 'माझी मुलं माझ्या बहिणीकडे राहावीत' एवढ्या एका ओळीला फारसं वजन नसतं. कारणं लिहा, आणि ती वडिलांची निंदा म्हणून लिहू नका. न्यायाधीश रोज नवराबायकोची भांडणं वाचतात, आणखी एक वाचून ते हलत नाहीत. वस्तुस्थिती लिहा. मुलं कधीपासून तुमच्याकडे आहेत. बहीण आठवड्यातून किती दिवस त्यांच्यासोबत असते, आजारपणात कोण जागलं, शाळेच्या पालकसभेला कोण गेलं. वडिलांच्या भेटी किती झाल्या, पोटगी कोणत्या महिन्यांत आली नाही. याच्यासोबत घटस्फोटाचा हुकूमनामा, ताब्याचा हुकूम, सहमतीच्या अटी, बँकेची विवरणपत्रं अशी एक फाइल करून मृत्युपत्राजवळ ठेवा. शाळेच्या दाखल्यावर तातडीच्या संपर्कात बहिणीचं नाव घालून घ्या. फुकटचं काम आहे आणि पुढे कागदोपत्री पुरावा होतो.

मुलांच्या वडिलांशी बोलणं शक्य असेल तर बोला, असंही मी सुचवेन. बहुतेक जणी या सल्ल्यावर माझ्याकडे रागाने बघतात. पण पुन्हा संसार मांडलेले कितीतरी वडील मुलांची रोजची जबाबदारी अंगावर घ्यायला उत्सुक नसतात, त्यांना फक्त आपल्याला डावललं असं वाटायला नको असतं. 'मुलं मावशीकडे राहतील, माझी भेट चालू राहील' असं त्यांनी आज लेखी दिलं तर उद्याचा खटला अर्ध्यावर येतो. आणि वडील आहेत म्हणजे त्यांची जबाबदारीही आहे. अज्ञान मुलांच्या पालनपोषणाचं कायदेशीर बंधन त्यांच्यावर आहेच, मुलं बहिणीकडे असली तरी.

इतरांसाठी थोडक्यात. जोडीदार वारलेला असेल तर तुमची नेमणूक थेट चालते, तरी एक पर्यायी पालक नेमा. अविवाहित मातांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये, वडिलांना नोटीस न देताही आईला पालक म्हणून न्यायालय मान्यता देऊ शकतं, असा निकाल दिला आहे. ज्यांचे कागद अजून अपुरे आहेत त्यांनी तो हुकूम हयातीतच मिळवून ठेवावा. एकट्याने दत्तक घेतलेल्यांच्या बाबतीत दावा सांगायला दुसरा पालकच नाही, ही त्यांची जमेची बाजू.

आता मुद्दा पैशाचा, आणि मला सर्वांत जास्त सांगायचंय ते इथे. मूल ज्याच्या हातात, पैसा त्याच्याच हातात ठेवू नका. हे वाक्य ऐकलं की समोरच्या बाईचा चेहरा पडतो. 'माझ्या बहिणीवर संशय?' संशय नाही हो. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात विधुर वडिलांनी सख्ख्या भावालाच पालक, व्यवस्थापक, सगळं केलं होतं. भावाने पुतण्यांना पोटच्या पोरांसारखं वाढवलं, यात कोणाला शंका नव्हती. पण घर लहान पडतं म्हणून पुतण्यांच्या पैशातून मोठं घर घेतलं, स्वतःच्या नावावर, कारण कर्ज त्याच्या पगारावर मिळालं. हिशेब कधी लिहिला नाही. घरात कोण हिशेब लिहितं? थोरला पुतण्या एकविसाव्या वर्षी लग्नाचं ठरवताना हिशेब मागू लागला आणि दहा वर्षं बाप झालेला माणूस कोर्टात प्रतिवादी झाला. त्याने चोरी केली होती असं मला आजही वाटत नाही. दोन भूमिका दोन माणसांकडे असत्या तर ते घर तुटलं नसतं.

तेव्हा मृत्युपत्रात तीन वेगळ्या भूमिका लिहा. पालक म्हणजे मुलांना सांभाळणारी, इथे तुमची बहीण. व्यवस्थापक, ज्याला सगळे एक्झिक्युटर म्हणतात, तो तुमच्या पश्चात कर्ज फेडणं, पैसे गोळा करणं, नावं बदलणं ही कामं पार पाडतो. हे काम साधारण एक-दोन वर्षांचं. आणि विश्वस्त, जो पुढची दहा-पंधरा वर्षं मुलांचा पैसा सांभाळतो. व्यवस्थापक आणि विश्वस्त एकच असले तरी चालतं. पालक आणि विश्वस्त वेगळे असावेत, आणि जमल्यास विश्वस्त दोन असावेत. प्रत्येक नावाला एक पर्यायी नाव.

विश्वस्त म्हटलं की लोकांना देवस्थान किंवा धर्मादाय आयुक्त आठवतात. त्यांचा इथे काही संबंध नाही. हा खासगी न्यास, म्हणजे ट्रस्ट. भारतीय न्यास कायदा, १८८२ खाली तो मृत्युपत्रातूनच निर्माण करता येतो, आज वेगळी संस्था काढायची गरज नसते. तुम्ही असेपर्यंत तो फक्त कागदावरचा परिच्छेद असतो. तुमच्या पश्चात मालमत्ता कायद्याने विश्वस्तांच्या नावे होते, मुलं लाभार्थी असतात. वर सांगितलेल्या भीतीवरचा उतारा हाच आहे, कारण मालमत्ता थेट मुलांच्या नावे येतच नाही, त्यामुळे नैसर्गिक पालक म्हणून तिच्यावर कोणाला हात ठेवता येत नाही.

व्यवहारातही फरक पडतो. फ्लॅट थेट अज्ञान मुलांच्या नावे झाला आणि बहिणीच्या शहरात घर घेण्यासाठी तो विकायचा ठरला, तर अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ८ प्रमाणे पालकाला आधी न्यायालयाची परवानगी लागते. पाच वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने देतानाही लागते. मृत्युपत्राने नेमलेल्या पालकालाही हीच बंधनं असतात. ती बंधनं मुलांच्या भल्यासाठीच आहेत, माझी तक्रार नाही, पण गरज आत्ता असते आणि परवानगी महिन्यांनी मिळते. न्यासात तुम्ही विश्वस्तांना विक्रीचा, भाड्याने देण्याचा, गुंतवणुकीचा अधिकार स्पष्ट शब्दांत देऊ शकता.

मसुदा करताना एका वाक्यरचनेवर फार जण फसतात. 'माझी सर्व मालमत्ता माझ्या मुलांना पूर्ण मालकीने देते, मात्र ती त्यांना पंचवीस वर्षांची झाल्यावर द्यावी.' वाचायला ठीक वाटतं. पण पूर्ण मालकी आजच दिलीत, आणि ताबा फक्त लांबवलात. न्यास कायद्याच्या कलम ५६ मुळे सज्ञान झालेला एकटा लाभार्थी विश्वस्ताला म्हणू शकतो, आण माझं मला. म्हणजे अठराव्या वाढदिवसाला सगळी रक्कम हातात. अठराव्या वर्षी आपण काय केलं असतं तेवढं आठवून बघा. म्हणून रचना उलटी हवी. विश्वस्तांनी मुलांच्या शिक्षण, आरोग्य, राहणीसाठी त्यांना योग्य वाटेल तसा खर्च करावा; मूल २१ वर्षांचं झाल्यावर त्याच्या वाट्याचा एक भाग त्याचा होईल, २५ वर्षांचं झाल्यावर उरलेला; आणि त्याआधी ते मूल वारलं तर त्याचा वाटा दुसऱ्या मुलाकडे जाईल, दोघंही नसतील तर अमुक व्यक्तीकडे. हे शेवटचं वाक्य विसरू नका. मुलाचा वाटा वडिलांकडे फिरण्याचं जे वर सांगितलं, ते याच वाक्याने थांबतं. वयं तुमच्या मनाप्रमाणे ठरवा. शिक्षणासाठी मात्र वयाची अट नको, नाहीतर फीची पावती हातात घेऊन मुलगी पंचविसाव्या वाढदिवसाची वाट बघत बसेल.

हा भाग स्वतः लिहू नका, वकिलाकडून लिहून घ्या. बाकी मृत्युपत्र शाळेच्या वहीच्या पानावर हाताने लिहिलं तरी मला चालेल, हा परिच्छेद नाही.

आणि विश्वस्तांना कंजूष होऊ देऊ नका. बहिणीच्या घरात दोन मुलं वाढली की किराणा, वीज, एक जास्तीची खोली, सुट्टीत सगळ्यांचं एकत्र फिरणं, हे सगळं वाढतं. 'पालकाच्या कुटुंबावर पडणारा वाजवी भार न्यासातून द्यावा, त्यासाठी दर महिन्याला ठरावीक रक्कम द्यावी, तिचा बारीक हिशेब मागू नये' असं स्पष्ट लिहा. नाहीतर बहिणीला प्रत्येक वह्या-पुस्तकांच्या खर्चासाठी विश्वस्तांपुढे हात पसरावा लागतो, आणि वर्षभरात दोघांचं बोलणं बंद होतं.

माणसं निवडताना वजाबाकी करा. तुमचा मुलगा पाच वर्षांचा आहे, सज्ञान व्हायला तेरा वर्षं, न्यास संपायला वीस. आई-वडिलांचं नाव घालायचा मोह होतो, पण सत्तरीतले आजोबा वीस वर्षांनी नव्वदीत असतील. आजी-आजोबा हवेतच, पण कायदेशीर जबाबदारीत नकोत. बहीण आणि मेहुणे अशी जोडीने नेमणूकही टाळा. एकाच व्यक्तीचं नाव लिहा, जी तुमची आहे तिचं. संसार मोडतात हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि बहिणीला विचारा. हसू नका, सख्ख्या बहिणीला न विचारता नाव घातलेली मृत्युपत्रं मी पाहिली आहेत, आणि 'मला हे कधी सांगितलंच नाही' म्हणून मागे सरलेल्या बहिणीही.

आता नॉमिनी. आज रात्री मृत्युपत्राचा एक शब्दही लिहिणार नसाल तरी हे काम करा. घटस्फोट झाला म्हणून जुनं नामनिर्देशन बदललेलं असतं हा सर्वसाधारण गैरसमज आहे. लग्नानंतर लगेच भरलेल्या अर्जांवर कोणाचं नाव आहे ते सगळीकडे तपासा: बँक, म्युच्युअल फंड, डिमॅट, पॉलिसी, गृहनिर्माण संस्था, कंपनीची ग्रॅच्युइटी, पीएफ.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो पैसे ताब्यात घेणारा. शेअर्सच्या बाबतीतही हेच, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात सांगितलं. म्हणजे शेवटी मृत्युपत्र चालतं. पण आधी पैसे ज्याच्या हातात पडतात, त्याच्याकडून ते काढून घ्यायला किती वर्षं लागतात ते मला विचारा. म्हणून नॉमिनी आणि मृत्युपत्र एकमेकांशी जुळलेलं हवं. बँक खात्यांसाठी १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी नेमता येतात, तुम्हाला एक-दोन पुरतील.

विम्याचं वेगळं आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर विमा कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर ती लाभार्थी नॉमिनी मानली जातात, नुसती पैसे घेणारी नव्हेत. याचा वारसांच्या हक्कावर नेमका काय परिणाम होतो यावर उच्च न्यायालयांत एकमत नाही. तुमच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी निघतात. 'सोय म्हणून' आपल्या आईचं नाव नॉमिनी घातलं असेल तर ती रक्कम आईचीच आहे असा दावा पुढे होऊ शकतो, आणि आईच्या पश्चात तुमच्या भावंडांचाही. आणि मुलांना नॉमिनी केलं तर ती अज्ञान असेपर्यंत पैसे घेणारी व्यक्ती म्हणून अपॉइंटीचं नाव द्यावं लागतं, ते द्याच. पण ही रक्कम मग न्यासात न जाता थेट मुलांची ठरू शकते आणि अठराव्या वर्षी हातात येऊ शकते. तुमची टर्म पॉलिसी हीच तुमची सर्वांत मोठी रक्कम असणार. ती न्यासाच्या छत्राखाली कशी आणायची, हा प्रश्न मसुदा करणाऱ्या वकिलाला आवर्जून विचारा. बहीण कलम ३९ च्या लाभार्थी यादीत नाही, म्हणून बहिणीला किंवा होऊ घातलेल्या विश्वस्ताला नॉमिनी करून मृत्युपत्रात 'ही रक्कम न्यासाची' असं लिहिणं हा एक मार्ग आहे. त्यात त्या व्यक्तीवर पूर्ण भरवसा हवा.

पीएफमध्ये कुटुंब असलेल्या सदस्याला कुटुंबाबाहेरचा नॉमिनी चालत नाही आणि बहीण त्यांच्या व्याख्येत कुटुंब नाही. तिथे मुलांची नावं आणि अर्जातल्या पालकाच्या रकान्यात विचारपूर्वक नाव, एवढंच. त्याच खात्याला जोडलेली पेन्शन योजना असेल तर मुलांना वयाच्या पंचवीस वर्षांपर्यंत, एका वेळी दोघांना, पेन्शन मिळते. हे फार जणांना माहीत नसल्यामुळे तिच्यासाठी अर्जच केला जात नाही. बहिणीच्या फाइलमध्ये एका कागदावर लिहून ठेवा.

गृहकर्जाला विमा जोडलेला आहे का तेही बघा. नसेल तर टर्म पॉलिसीतून आधी कर्ज वजा करून उरलेल्यात मुलांची वीस वर्षं निघतात का, हे कागदावर मांडा. नसतील निघत तर मृत्युपत्राआधी विम्याच्या एजंटाला फोन करा.

मृत्युपत्र करण्याची पद्धत सोपी आहे. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. साक्षीदारांनी तुम्हाला सही करताना पाहिलेलं हवं, किंवा 'ही माझी सही' असं तुम्ही त्यांना स्वतः सांगितलेलं हवं. मजकूर त्यांनी वाचायची गरज नाही. मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो, मराठीत लिहिलेलं चालतं. प्रत्येक पानावर सही करा. खाडाखोड नको, झालीच तर तिथेही तुमची आणि साक्षीदारांची सही हवी. साक्षीदार तुमच्याहून तरुण, ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळत नाही असे, आणि सापडतील असे निवडा. उद्या वाद झाला तर त्यातल्या एकाला तरी कोर्टात उभं करावं लागतं. शेजारच्या काकांची सही घ्यायची पद्धत आहे, पण काका अठ्ठ्याहत्तरचे असतील तर त्यांचा काय उपयोग?

नोंदणी ऐच्छिक आहे. तुमच्या बाबतीत मी ती करायलाच सांगेन, कारण समोर हरकत घेऊ शकणारा माणूस आहे. दुय्यम निबंधक कार्यालयात अर्ध्या दिवसाचं काम. डॉक्टरांचं प्रमाणपत्र अडतिसाव्या वर्षी हास्यास्पद वाटेल, तुम्ही आजारी असाल तरच घ्या. मूळ प्रत स्वतःच्या एकटीच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर उघडायला जो कागद लागणार तोच आत बंद, अशी गंमत मी तीनदा पाहिली आहे.

लग्नाआधी किंवा संसारात असताना केलेलं एखादं जुनं मृत्युपत्र असेल तर ते आजही जिवंत आहे. हिंदूंच्या बाबतीत लग्नाने मृत्युपत्र रद्द होत नाही आणि घटस्फोटाने त्यातलं नवऱ्याचं नाव आपोआप खोडलं जात नाही. नव्या मृत्युपत्राच्या पहिल्याच परिच्छेदात 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रं रद्द' हे लिहा. पुढे पुनर्विवाह केलात तर पुन्हा या.

मृत्युपत्र न पोहोचणारी एक जागा उरते. तुम्ही जिवंत आहात पण शुद्धीवर नाही. अशा वेळी मृत्युपत्र मुकं असतं, आणि कुलमुखत्यारपत्रही मुखत्यार देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की संपतं. आणि मृत्यूनंतरही कागद हलायला दोन-चार महिने जातातच. म्हणून बहिणीसोबत एक संयुक्त खातं उघडा, दोघींपैकी कोणालाही चालवता येईल असं, आणि त्यात सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम कायम ठेवा. कार्ड बहिणीकडेही असू द्या.

शिवाय बहिणीसाठी एक साधं पत्र लिहा. त्याला कायद्याची किंमत नाही, ते मृत्युपत्राला जोडू नका. मुलाला कशाची ॲलर्जी आहे, मुलीला गणिताची भीती कधी बसली, कोण कशाने झोपतं, कोणत्या आजीचा फोन कोणत्या दिवशी येतो. दर वर्षी शाळा सुरू होताना ते नव्याने लिहा, कारण मुलं दर वर्षी बदलतात.

तुम्ही शेवटी विचारलं होतं, मुलीला हे सांगू का? मृत्युपत्र दाखवायची गरज नाही. पण नऊ वर्षांच्या मुलीला मावशीचा नंबर पाठ असायला हवा, आणि आई ऑफिसातून वेळेवर आली नाही तर कोणाला फोन करायचा हे माहीत असायला हवं. तेवढं सांगा. मुलाला ती आपणहून सांगेल.